भात किती शिट्ट्यांचा?

माझ्या लग्नात, १९९४ साली, आईने रुखवतात एक वही ठेवली होती. दोनशे पानी, रेघांची, तिच्या हाताने लिहिलेल्या मापांनी निम्मी भरलेली. आम्ही दर्यापूरकडची माणसं, खारपाणपट्ट्यातली. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, आणि भात सणावारी नाहीतर आजारपणात. मला दिलं ते लाखनीपासून सात किलोमीटरवरच्या गावात, भंडारा जिल्ह्यात, जिथे ‘जेवण झालं का’ याचा अर्थ ‘भात खाल्ला का’ असाच होतो. आईची मापं पहिल्या महिन्यातच निकामी झाली. मग मी वही उलटी धरली आणि मागच्या पानापासून स्वतःच्या चुका लिहायला घेतल्या. पुढून येणाऱ्या पाककृती आणि मागून येणाऱ्या चुका मध्ये कुठेतरी एकमेकींना भिडल्यात आता. चुकांची पानं जास्त झाली, हे वेगळं सांगायला नको. त्यातलंच थोडं इथे उतरवते. क्रम वहीतला नाही, आठवेल तसा आहे.

१. भाताला माप नसतं, वय असतं

पहिल्याच दिवाळीनंतर धानाची मळणी निघाली आणि अठरा माणसांचा भात माझ्या अंगावर आला. आईच्या वहीत होतं, एका वाटीला दोन वाट्या पाणी. मी अगदी हिशेबाने दुप्पट पाणी घातलं. गंजातून जे निघालं त्याने लग्नाच्या पत्रिका चिकटवता आल्या असत्या. माणसं चांगली होती. वरण ओतून, कालवून, मान खाली घालून जेवली.

रात्री आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, पोत्यातला एक दाणा माझ्या तळहातावर ठेवला. “चाव.” मी चावला. तो आधी जरा दबला, मग फुटला. मग त्यांनी ढोलीतल्या मागच्या धानाचा तांदूळ दिला. तो दाताखाली कट्कन मोडला.

“हा आवंदाचा होये माय. याच्या पोटात अजून पानी हाये. अन् हा गेल्या सालचा. हा तहानेला हाये.”

त्या दोन वाक्यांत सगळं आलं. नव्या तांदळाला वाटीला दीड वाटी पाणी पुरतं, जुन्याला दोन-सव्वादोन लागतं, आणि मधल्या महिन्यांत तुमचं नशीब. नंतर कुठेतरी वाचलं की साठवणीत दाण्यातली प्रथिनं एकमेकांना घट्ट धरतात, त्यामुळे जुना दाणा शिजताना फुटून चिकट होत नाही, पाणी पीत पीत लांबतो. आत्याबाईंना प्रथिनं माहीत नव्हती. त्यांना दाताखालचा आवाज माहीत होता.

यात एक मेख आहे, ती मला फार उशिरा कळली. दुकानदार म्हणतो, “कालच भरडलाय, ताजा आहे.” भरडला काल असेल, पण धान कधीचं? धान ढोलीत बसूनही म्हातारं होतच असतं. म्हणून मी आजही दुकानात दोन दाणे तोंडात टाकते. दुकानदाराला वाटतं बाई हावरट आहे.

दुसरी मेख चिनोरची. बारीक, वासाचा तांदूळ. शिजायला लागला की गल्लीत कळतं. पण हा वास नव्या तांदळात असतो, जुना होत जातो तसा उडत जातो. म्हणजे वास हवा तर भात चिकट होणार, आणि मोकळा हवा तर वास सोडावा लागणार. पाहुण्यांना दोन्ही हवं असतं. पाहुण्यांचं काय जातं!

रोजच्या भाताला मात्र आमच्याकडे एचएमटीच. हे नाव घड्याळाचं आहे, हे मला कितीतरी वर्षं ठाऊक नव्हतं. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. त्यांनी १९८३ च्या सुमारास आपल्या शेतात वेगळ्या दिसणाऱ्या दोन-तीन लोंब्या बाजूला काढल्या, वर्षामागून वर्षं निवडत हा वाण उभा केला, आणि त्या काळी ज्याच्या-त्याच्या मनगटावर असायचं त्या घड्याळाचं नाव त्याला चिकटलं. वाण दूरदूरच्या राज्यांत गेला. दादाजी २०१८ मध्ये गेले, ते पैशांच्या ओढाताणीतच. भात वाढताना हे कधीमधी आठवतं, तेवढ्यात कुणीतरी वरण मागतं.

२. शिट्ट्या मोजायचं काम दोघांना देऊ नये

आमच्या घरात तीन माणसं होती तेव्हा कुकरच्या शिट्ट्यांचे तीन आकडे निघायचे. मी म्हणते तीन झाल्या, हे म्हणतात चार, मुलगा म्हणतो मी हेडफोन लावले होते. आत्याबाईंचा कुकरवर विश्वास नव्हता. त्या गंजात भात उकळून, झाकण तिरपं धरून वेळायच्या आणि ती पेज मीठ घालून मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, द्यायच्या. मामाजी ती फुंकर मारत प्यायचे आणि मगच शेताकडे निघायचे. वेळलेल्या भातात पाण्याचं माप चुकलं तरी चालतं, जास्तीचं ओतून देता येतं. कुकर ही सोय देत नाही. झाकण उघडेपर्यंत तो काही कबूल करत नाही, आणि उघडल्यावर बोलायला काही उरत नाही.

३. कढी आणि पितळ यांची सोयरीक कथलाशिवाय होत नाही

भंडारा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध. आमच्या सासरी तर माळ्यावर गुंड, गडवे, परातींची उतरंड होती. सणाला ती खाली यायची, चिंच आणि राखेने घासली जायची, आणि उन्हात मांडली की डोळे दिपायचे. मला ती भांडी इतकी आवडायची की नणंदेच्या सासरची मंडळी आली त्या दिवशी मी हौसेने पितळेच्या मोठ्या गंजात गोळ्यांची कढी केली. हरभऱ्याची डाळ भिजवून भरड वाटली, लसूण, मिरची, सांबार (म्हणजे कोथिंबीर) घालून गोळे वळले, आंबट ताकाला बेसन लावलं, वर लसणाची फोडणी. वीस माणसांची कढी. अशी पिवळीधमक की मीच दोनदा झाकण काढून पाहिली.

तासाभराने वाढायला घेतली तर कडेला हिरवट छटा. चव घेतली आणि जिभेवर जणू दहा पैशांचं नाणं ठेवलं. कळकली होती.

‘कळकणं’ हा शब्द मी लहानपणी ऐकला होता, पण तो म्हाताऱ्या बायकांनी घाबरवायला ठेवलेला शब्द आहे असं वाटायचं. भांड्याच्या आतली कलई उडालेली होती. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबट ताक त्यावर तास-दीड तास बसलं की तांबं ताकात उतरतं. कढी ओतून द्यावी लागली, गाईच्या गव्हाणीतसुद्धा नाही, सरळ उकिरड्यावर. मामाजींच्या ताटात तोवर एक वाटी गेली होती. ते काही बोलले नाहीत. फक्त वाटी बोटाने ताटाबाहेर सरकवली. ती वाटी सरकतानाचा आवाज मला अजून ऐकू येतो.

पुढच्या आठवड्यात कलईवाला बोलावला. आंगणात खड्डा करून त्याने भाता बसवला, कोळसे पेटवले, गंज तापवला. मग चिमूटभर नवसागर आत टाकला. पांढरा, नाकाला झोंबणारा धूर उठला. त्या धुरातच त्याने कथलाची काडी आतून टेकवली. ती थेंबासारखी वितळली, आणि कापसाच्या बोळ्याने त्याने तो थेंब असा फिरवला की काळपट पितळेवर चांदणं पसरत गेलं. सगळं मिळून पाच-सात मिनिटं. शेजारपाजारच्या बायका आपापली भांडी घेऊन आल्या. कुणाच्या भांड्याला किती वर्षांत कलई नव्हती यावरून घराघरांची अब्रू त्या दिवशी आंगणात मांडली गेली.

आता कलईवाला दिसत नाही. भांडी आहेत. नवऱ्याचं म्हणणं, विकून टाकू, नुसती धूळ. मी म्हणते, राहू द्या, त्यात पाणी तरी ठेवता येतं. कढी मात्र स्टीलच्या भांड्यात.

४. भेदरं ऐकून भेदरू नये

“माय, दोन भेदरं आन.” सासरी आल्यावर तिसऱ्या दिवशी आत्याबाई म्हणाल्या. भेदरं म्हणजे काय ते मला कळेना, आणि विचारायची भीती. मी मागच्या परसात जाऊन उभी राहिले आणि खरोखर भेदरले. शेवटी धाकट्या दिराने झाडाकडे बोट दाखवलं. टमाटर!

वऱ्हाड आणि झाडीपट्टी, दोन्ही विदर्भच. पण आमच्या बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो, इकडे ‘र’ होतो, आणि टमाटरचं भेदरं. चुलीत भाजलेल्या भेदऱ्याची चटणी, हिरवी मिरची आणि लसूण तिथेच निखाऱ्यावर भाजून, सगळं पाट्यावर ओबडधोबड वाटलेलं. मिक्सरमध्ये ती होत नाही. मिक्सरमध्ये जे होतं त्याला सॉस म्हणतात.

५. लाखोरी: वडलांचं पत्र आणि आत्याबाईंचे पाय

हे पान वहीत सगळ्यात जास्त खाडाखोडीचं आहे.

धान कापणीला यायच्या थोडं आधी, बांधीत ओल असतानाच, उभ्या धानात लाखोरीचं बी फेकतात. नांगर नाही, खत नाही. धान कापून नेलं की खालून लाखोरी वर येते, आणि हिवाळ्यात सगळ्या बांध्या हिरव्या-जांभळ्या दिसतात. कोवळे शेंडे खुडून भाजी करायची, ती वाळवून उन्हाळ्यासाठी ठेवायची, आणि डाळीचे वडे करायचे. मी पहिल्या हिवाळ्यात माहेरी पत्र लिहिलं की इथे लाखोरीची डाळ खातात, छान लागते.

वडील शाळामास्तर. उलट टपाली पत्र आलं, तेही चार पानी. लाख खाल्ल्याने माणसाचे पाय लुळे पडतात, सरकारने १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी घातली, आमच्याकडे तुरीच्या डाळीत भेसळ करणारे लोक हीच डाळ मिसळतात, तू खाऊ नकोस, जावईबापूंनाही खाऊ देऊ नकोस. शेवटी ‘मामाजींना सा. न.’ होतंच. मामाजींना साष्टांग नमस्कार, पण त्यांच्या ताटातली डाळ विषारी!

पत्र लपवून ठेवलं आणि वडे खाणं बंद केलं. पोट दुखतं, सांगितलं. चौथ्या दिवशी आत्याबाईंनी विचारलं, तेव्हा मी खरं सांगून टाकलं. त्यांनी लुगडं घोट्याच्या वर ओढलं आणि म्हणाल्या, “मी जलमभर खाल्ली. माहे पाय पाय, चालतेत का नाई!” पहिला पाय म्हणजे पाय, दुसरा म्हणजे पाहा. मी हसले, आणि त्याही हसल्या. पण वाद मिटला नव्हता.

वडील खोटं बोलत नव्हते. लाखोरीत एक विषारी द्रव्य असतं, आणि दुष्काळात, दुसरं काहीच नसताना, महिनोन्‌महिने तीच खाऊन राहिलेल्या माणसांचे पाय कायमचे गेलेले आहेत. आत्याबाईही खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या ताटात लाखोरी होती, पण तिच्या बाजूला भात होता, भाजी होती, ताक होतं, मासा होता. शिवाय त्या डाळ रात्रभर भिजवायच्या, ते पाणी फेकायच्या, वरण करायचं असेल तर उकळलेलं पहिलं पाणीही फेकायच्या. का, विचारलं तर म्हणायच्या, “कडू लागते.” ते द्रव्य बरंचसं त्या फेकलेल्या पाण्यातच जातं. त्यांच्या सासूने त्यांना शिकवलं होतं, आणि तिला कुणी, देव जाणे.

आता मी महिन्यातून दोनदा वडे करते. पाणी दोनदा बदलते. एकदा वडलांच्या समाधानासाठी, एकदा आत्याबाईंच्या सवयीने. दोघेही आता नाहीत.

६. पोपट सोलायला बसताना घड्याळ पाहू नये

थंडीत बाजारात पोपटाच्या शेंगांचे ढीग लागतात. (पुण्याच्या जाऊबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा मी “आज पोपटाची भाजी” म्हटलं, तर त्या पांढऱ्या पडल्या. वालाचे ओले दाणे हो, दुसरं काही नाही.) किलोभर शेंगा सोलाव्या तेव्हा दोन मुठी दाणे हाती येतात, नखं हिरवी होतात, आणि टोपलीत टरफलांचा डोंगर. वांगं-आलू घालून भाजी वाढवावी लागते. मग जेवताना कुणीतरी म्हणणार, “पोपट कमी, आलूच जास्त.” जो हे म्हणेल त्याच्यापुढे दुसऱ्या दिवशी शेंगांची टोपली ठेवायची. आमच्याकडे आता कुणी म्हणत नाही.

७. सिलिंडर संपतो तो पोळीच्या मध्यावरच

एक पोळी तव्यावर, दुसरी पोळपाटावर, आणि ज्योत निळ्याची पिवळी होऊन, पुक् करून विझते. चौदा किलो दोनशे ग्रॅममधला शेवटचा ग्रॅम नेमका त्याच क्षणासाठी राखून ठेवलेला असतो. यावर एक उपाय मला शेजारणीने दिला. गॅस चालू असताना ओलं फडकं सिलिंडरवरून वरपासून खालपर्यंत फिरवायचं आणि थांबायचं. वरचा भाग लवकर वाळतो, पण जिथपर्यंत आत पातळ गॅस आहे तिथला ओलावा रेंगाळतो. ती रेघ म्हणजे गॅसची पातळी. उपाय अचूक आहे. फक्त तो करायची आठवण सिलिंडर संपल्यावर होते.

८. वाळवण राखायला माणूस लागतो, आणि माणूस झोपतो

चैत्र-वैशाखात गच्चीवर कोहळ्याच्या वड्या, कुरडया, आणि वांग्याचे खुले. खुले म्हणजे वांगी उभी चिरून, कडक उन्हात लाकडासारखी वाळवलेली. पावसाळ्यात ताजी भाजी महागली की ते भिजवून, भेदरं घालून शिजवायचे. दिसतात चामड्यासारखे आणि लागतात, म्हणजे मला तरी, मटणासारखे.

मी राखणीला मुलाला बसवलं होतं. काठी, पाण्याची बाटली, छत्री, सगळं दिलं. तो छत्रीखाली झोपला आणि वानरांची आख्खी टोळी उतरली. काळतोंडी वानरं माणसाहून शिस्तीची. एकाने मुलाकडे पाहत बसायचं, बाकीच्यांनी खायचं. त्यांनी वड्या चाखून फेकल्या, तिखट लागल्या असाव्यात. कुरडया मात्र सगळ्या नेल्या. त्यानंतर मी तिखटाचं प्रमाण सगळ्यातच वाढवलं. वानरं हटली, पण मुलानेही वड्या खाणं सोडलं.

वानरांपेक्षा वाईट म्हणजे अवकाळी. वाळत आलेली वडी एकदा भिजली की तिच्यावर बुरशी येते. मग ती परत वाळवून, तळून, झणझणीत करून खपवायचा मोह होतो. मी एकदा तो केला आहे. त्या पानावर फक्त तारीख आहे.

९. पावसाळ्यात वही बंद ठेवावी

रोवणीच्या दिवसांत जंगलाकडच्या गावांतल्या बायका पळसाच्या पानांवर माल मांडून बसतात. तरोटा, काटवल, कुड्याची फुलं, वास्ते, सात्या. यांपैकी एकही भाजी आईच्या वहीत नव्हती.

तरोटा पहिल्या पंधरा दिवसांतलाच, पान कोवळं असेतोवर. वास्ते म्हणजे बांबूचे कोंब. पातळ चिरून रात्रभर पाण्यात, मग दोन उकळ्या आणि दोन्ही पाणी बाहेर, नाहीतर कडू तर लागतातच, वर बाधतात. सात्या म्हणजे अळंबी, त्या वारुळावर उगवतात आणि मटणाच्या तोऱ्यात विकल्या जातात. त्यांची माती काढता काढता कंबर मोडते. आत्याबाईंचा नियम असा होता की जी बाई कोणत्या वारुळावरच्या ते सांगते, तिच्याकडूनच घ्यायच्या. जी नुसतं “चांगल्या हायेत” म्हणते, तिला रामराम. छत्र्या सगळ्या सारख्या दिसतात, म्हणून ही उलटतपासणी. तीस वर्षांत एकदाही घोटाळा झाला नाही.

आणि मासे. माहेरी मटण चालायचं, मासा क्वचित. इथे गावोगाव तलाव. गोंड राजांच्या काळापासून कोहळी लोकांनी बांधत आणलेले. मालगुजारी १९५१ मध्ये गेली आणि तलावांचं नाव ‘माजी मालगुजारी’ पडलं. लोक त्याचं ‘मामा तलाव’ करतात, जणू आजोळचेच. मरळ, वाघूर, झिंगे तिथले. आता तलावांत रोहू-कटला सोडतात, मोठे होतात, भरपूर येतात. पण रश्श्याला मरळीचा तो दाटपणा येत नाही. काठाला बेशरम माजली आहे, आणि तलाव दरवर्षी थोडा आत सरकतो. ढिवराची बाई परवा मला म्हणाली, “ताई, मरळ आता पुसू नोका.” म्हणजे विचारू नका.

वाघूर साफ करताना हातातून निसटतो. त्याला आधी चुलीची राख चोळायची. हे मी तीन वाघूर मोरीत पळून गेल्यावर शिकले. गॅस आल्यापासून राख नाही, म्हणून वाघूरही नाही.

१०. डाळ शिजत नाही तेव्हा डाळीला शिव्या देऊ नयेत

खारपाणपट्ट्यात वाढल्यामुळे पाण्यावर माझा मुळातच विश्वास नाही. माहेरी विहिरीचं पाणी इतकं खारं की वरणात मीठ बेतानेच, आणि डाळ दोन तास चुलीवर. सासरी गावातल्या विहिरीचं पाणी गोड. तिथे डाळ पटकन विरघळायची. मला वाटायचं मी सुगरण झाले.

२००१ मध्ये आम्ही भंडाऱ्यात राहायला आलो. वैनगंगेच्या काठचं शहर, म्हटलं आता काय कमी! पण नागपूरची घाण वाहून नेणारी नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि खाली गोसेखुर्दला धरण बांधल्यापासून पाणी तुंबून राहतं. उन्हाळ्यात नळाच्या पाण्याला एक हिरवट वास येतो. त्या पाण्यात चिनोर शिजवणं म्हणजे अत्तरात घासलेट. म्हणून भाताला वीस लिटरच्या कॅनचं पाणी, आणि भांडी नळाच्या पाण्याने. कॅनवाला ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी पोळ्या.

२०२० च्या ऑगस्टअखेर नदीला पूर आला आणि शहराच्या वस्त्यांत पाणी शिरलं. आमचं घर उंचावर, वाचलं. ओळखीची तीन कुटुंबं आमच्याकडे राहिली. चहूकडे पाणी आणि भात शिजवायला थेंब नाही. शेवटी माळ्यावरचे गुंड काढले, गच्चीवर पावसाखाली ठेवले, आणि त्या पाण्यात सतरा माणसांची खिचडी केली. पितळेचे गुंड विकायचा विषय त्यानंतर काही वर्षं निघाला नाही.

११. “आज काय भाजी करू?” हा प्रश्न नाही

हा मी तीस वर्षं रोज सकाळी विचारते. उत्तर ठरलेलं, “कर काहीही.” मग ‘काहीही’ केलं की, “आज हेच?” यावर चिडायचे दिवस गेले. आता मी प्रश्न विचारते आणि उत्तर यायच्या आत वांगी चिरायला घेते. एकदा ह्यांनी खरंच उत्तर दिलं, “पाटोडीचा रस्सा कर.” मी इतकी गोंधळले की हातातला सराटा खाली पडला. बेसन नव्हतं घरात.

माझ्या डाव्या पायाचं हाड मोडलं तेव्हा महिनाभर स्वयंपाक ह्यांच्याकडे होता. पहिल्या दिवशी माझ्या खाटेपाशी येऊन उभे राहिले आणि विचारलं, “आज काय भाजी करू?” मी म्हटलं, “करा काहीही.” ते बराच वेळ तसेच उभे होते.

मुलगा आता पुण्यात. स्वतः करून खातो, याचं मला कौतुक आहे. परवा रात्री साडेनऊला फोन आला.

“आई, भात किती शिट्ट्यांचा?”

“तांदूळ कोणता?”

“पिशवीतला.”

“नवा का जुना?”

“पिशवीवर तारीख आहे. मागच्या महिन्यातली.”

“ती पिशवी भरल्याची. धान कधीचं?”

पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, “आई, ते लिहीत नाहीत.”

“मग एक दाणा चाव,” मी म्हटलं, “आणि फोन तोंडाजवळ धर.”